दाताचं बिल आणि दवाखान्याचा हप्ता: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

जळगाव असो, धुळे असो की शहादा, दाताच्या दवाखान्यातली चूक एकाच जागी होते. माणूस महिनाभर लवंग आणि दुखीच्या गोळीवर काढतो. एका रात्री सहन होत नाही आणि सकाळी जाऊन खुर्चीत बसतो. डॉक्टर आकडा सांगतात. "कितला लागतीन?" विचारणारे आबा आकडा ऐकून खाली बघतात. तेवढ्यात काउंटरवरून आवाज येतो, "काळजी करू नका काका, हप्ते करून देऊ. आधार नंबर सांगा, मोबाईलवर ओटीपी येईल." वीस मिनिटांत कर्ज होतं. ते कर्ज होतं, हे घरी गेल्यावर बँकेचा मेसेज वाचून कळतं.

मीही हेच केलं आहे. आईच्या ब्रिजसाठी, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायच्या पक्क्या दातासाठी, काउंटरवर उभ्या उभ्या ओटीपी दिला. मग तिची शुगर वाढलेली निघाली आणि काम तीन महिने थांबलं. पैसे मात्र दवाखान्याला एकरकमी पोचले होते. आई दुधात भाकरी कुस्करून खात होती आणि मी न झालेल्या कामाचे हप्ते भरत होतो.

म्हणून या लेखात एकच आग्रह आहे: दात आणि पैसे एकाच बैठकीत ठरवायचे नाहीत. आधी निदान, मग कागद, मग रोखीचा भाव, मग दुसरीकडची चौकशी. हप्त्याचा विषय सगळ्यात शेवटी. डॉक्टर लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. खुर्ची, मशीन, लॅब, भाडं यांचा खर्च खराच असतो. पण दुखत असताना माणसाला हिशेब करता येत नाही, आणि सगळे आकडे नेमके तेव्हाच त्याच्यासमोर येतात.

## १. थांबता येतं का, ते आधी ठरवा

पैशाची घाई आणि दाताची घाई वेगळी. या खुणा असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जा:

- गालाची सूज जबड्याखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकते आहे
- तोंड उघडत नाही, थुंकी गिळायला त्रास होतो, श्वास अडखळतो
- सुजेबरोबर ताप आणि थंडी आहे
- मार लागून दात पडला आहे किंवा जबडा हलतो आहे

अपघातात पक्का दात मुळासकट निघाला असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरा, दुधात ठेवा आणि लगेच निघा. इथे खरोखर मिनिटं मोजायची असतात. लहान मुलाचा दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवत नाहीत.

बाकीच्या बहुतेक कामांत चार-आठ दिवस चौकशीला मिळतात. कीड, जुनी पोकळी, पडलेल्या दाताची जागा, पिवळेपणा, वाकडे दात, यातलं काहीही आज दुपारीच ठरवावं लागत नाही.

सावधान: ठणका आपोआप थांबला म्हणजे दात बरा झाला असं समजू नका. आतली नस मेली की दुखणं थांबतं, पण मुळाशी पू साचत राहतो. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेतलं तरी तेच होतं. आठ दिवस शांतता, मग दुप्पट सूज.

## २. निघण्यापूर्वी घरी जमवायची सामग्री

एका पिशवीत चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स, शुगरचा ताजा रिपोर्ट आणि जुने एक्स-रे ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. तंबाखू, मिसरी, गुटखा, सुपारी हेही खरं सांगा. सुपारीमुळे तोंड कमी उघडत असेल तर मागच्या दाढेचं काम करणंच अवघड होतं, आणि हे खर्च ठरण्याआधी कळलेलं बरं. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नसेल तर कॅप आणि कवळी राहू द्या, आधी तो दाखवा.

मग एका कागदावर दोन आकडे लिहा. आज हातात किती आहे, आणि पुढचा पैसा कधी येणार. पगारदाराला हा प्रश्न पडत नाही. पण आपल्याकडे कापूस दिवाळीनंतर विकला जातो, आणि रावेर-यावलच्या केळीवाल्याचे पैसे घड कापला जाईल तेव्हाच हातात येतात. हप्ता मात्र दर महिन्याला मागतो, आषाढातही. खानदेशातल्या शेतकरी घरात दवाखान्याचा हप्ता फसतो तो बहुधा व्याजामुळे नाही, या तारखांमुळे.

विम्याची पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा. नेहमीच्या आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण म्हणून केलेलं रूट कॅनॉल, फिलिंग, कॅप बसत नाही. अपघातामुळे भरती व्हावं लागलं तर दाताचं काम सहसा धरतात. ओपीडीचं वेगळं कलम घेतलं असेल तरच बाकीची आशा धरा.

तपासा: पेशंटबरोबर दुसरं माणूस आहे ना? बोलणी त्याने करायची. ज्याचा दात ठणकतो त्याने भाव करू नये.

## ३. पहिल्या भेटीत फक्त निदान

आत गेल्यावर हे वाक्य जसंच्या तसं म्हणा: "डॉक्टर, आज तपासणी आणि एक्स-रे एवढंच. अंदाजपत्रक लिहून द्या, घरी विचारून येतो."

तपासणीची फी आणि एक्स-रेचे पैसे द्या, पावती घ्या. एक्स-रे संगणकावर दिसत असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. पैसे तुम्ही दिले आहेत, मागायला लाजू नका. असह्य ठणका असेल तर त्या दिवशी दात उघडून औषध भरण्यापुरतं काम करून घ्यायला हरकत नाही. त्याचा भाव वेगळा विचारा आणि तेवढेच पैसे द्या. मात्र ते तात्पुरतं असतं. पुढचं काम महिनोन्‌महिने लांबवलं तर दात पुन्हा सडतो किंवा फुटतो.

अंदाजपत्रकावर दाताचा नंबर लिहून घ्या. "खालची दाढ" एवढं पुरत नाही. नंबर दोन आकडी असतो आणि समजायला सोपा आहे. पहिला आकडा तोंडाचा कोपरा सांगतो: पेशंटचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजायचा, १ ते ८. सुळा ३, सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ ६, अक्कलदाढ ८. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांना कोपऱ्याचे आकडे ५ ते ८ असतात.

हा नंबर कळला की निम्मी लढाई झाली. दुसरीकडे जाताना, पावती तपासताना, पुढे तक्रार करावी लागली तर, सगळीकडे तोच उपयोगी पडतो. आईच्या कागदावर माझ्याकडे तो नव्हता. "ब्रिज, तीन युनिट" एवढंच होतं, कोणत्या दातांचा ते नव्हतं.

सावधान: गावातल्या मोफत तपासणी शिबिरात नऊ दात किडलेले सांगितले तर घाबरू नका. शिबिरात बॅटरीच्या उजेडात बघतात, एक्स-रे नसतो. ती यादी म्हणजे फक्त तपासणीला जाण्याचं कारण.

## ४. अंदाजपत्रक वाचायचं कसं

बहुतेक भांडणं इथून सुरू होतात. "रूट कॅनॉल अमुक हजार" असं ऐकून माणूस हो म्हणतो आणि शेवटी बिल दुप्पट होतं. डॉक्टर खोटं बोललेले नसतात. रूट कॅनॉल म्हणजे मुळाच्या नळ्या साफ करून भरणं, एवढंच. त्यानंतर दात बांधून काढणं आणि वर कॅप, ही वेगळी कामं आहेत.

रूट कॅनॉलसाठी विचारा: यात मधले एक्स-रे आले का? बैठका वाढल्या तर पैसे वाढतात का? दाताचं वरचं भिंताड उरलं नसेल तर आत खुंटी घालून तो उभा करावा लागतो, म्हणजे पोस्ट आणि कोअर. ते यात आहे का? वरची कॅप आहे का? असली तर कोणती: साधी धातूची, धातूवर सिरॅमिक, की झिरकोनिया (आत धातू नसलेली, दाताच्या रंगाची)? फरक इथे सगळ्यात मोठा पडतो. मागच्या, न दिसणाऱ्या दाढेला धातूची कॅप चांगली चालते, तिच्यासाठी दाढ घासूनही कमी घ्यावी लागते. हसताना दिसणाऱ्या दाताला रंगाचा विचार करा. मागच्या दाढेला सगळ्यात महागडी कॅपच हवी असं सांगितलं तर "का?" एवढं विचाराच.

एक काटकसर मात्र करू नका. रूट कॅनॉल करून कॅप टाळणं. मागची दाढ तशीच ठेवली आणि एक दिवस कळण्याची कडक भाकरी किंवा फुटाणा चावताना ती उभी चिरली, तर रूट कॅनॉलचे पैसेही जातात आणि दातही जातो. पैसे कमी असतील तर कॅप साधी करा, पण करा.

इम्प्लांटचा भाव सांगतात तेव्हा तो बऱ्याचदा एका तुकड्याचा असतो. तुकडे तीन: हाडात बसणारा स्क्रू, त्यावरचा जोड, आणि वरचा दात. हाड कमी असेल तर हाड भरण्याचा खर्च निराळा. स्क्रू हाडात पक्का होईपर्यंत साधारण तीन ते सहा महिने जाऊ शकतात, तेव्हा सगळे पैसे पहिल्या दिवशी देण्याचं कारण नसतं. "दात बसवून हातात काय पडेल, एकूण?" हा प्रश्न विचारा. आणि पर्याय विचारा: ब्रिज, काढता-घालता येणारा दात, किंवा सध्या काहीच नाही. 'काहीच नाही' हाही पर्याय असतो, फक्त तो कोणी लिहून देत नाही.

जीएसटीची ओळ दिसली तर थांबा. आजारावरच्या उपचारांना, म्हणजे रूट कॅनॉल, दात काढणं, फिलिंग यांना जीएसटी माफ आहे. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. रूट कॅनॉलवर १८ टक्के लावले असतील तर कोणत्या कामाचे, ते लिहून मागा.

शेवटी डॉक्टरांनाच सांगा की या यादीचे तीन भाग करून द्या: आत्ता नाही केलं तर दात जाईल, काही महिन्यांत करावं, आणि केलं तर छान. चांगला डॉक्टर हे आनंदाने करून देतो. यादी अर्ध्यावर येते, हा माझा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा अनुभव.

तपासा: कागदावर दाताचा नंबर, कामाचं नाव, कॅपचा प्रकार, एकूण रक्कम, टप्पे, आणि दवाखान्याचा शिक्का किंवा सही आहे का? डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का? नुसत्या व्हिजिटिंग कार्डामागे लिहिलेल्या आकड्याला अंदाजपत्रक म्हणत नाहीत.

## ५. दुसरं मत

दोनपेक्षा जास्त रूट कॅनॉल, कोणतंही इम्प्लांट, पूर्ण तोंडाच्या कॅप्स, किंवा तुमच्या घराला जड जाणारी कोणतीही रक्कम असेल तर दुसरीकडे दाखवा. एक्स-रे घेऊन जा म्हणजे पुन्हा पैसे लागत नाहीत. पण पहिल्या डॉक्टरांचं निदान आणि आकडा सांगू नका. "हा दात दुखतो, काय करावं लागेल?" एवढंच विचारा. आकडा आधी सांगितला की दुसरा माणूस त्याच्यापेक्षा हजार रुपये कमी सांगतो आणि आपल्याला वाटतं स्वस्तात पडलं.

## ६. कमी खर्चाच्या जागा, कोणती कशासाठी

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. दंतशल्यचिकित्सक कोणत्या वारी असतात, खुर्ची चालू आहे का, हे आदल्या दिवशी विचारून मगच निघा. दात काढणं, फिलिंग, दात साफ करणं यासाठी आधी इथे जा. कॅपची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आहे. हा वैद्यकीय शिक्षण विभाग, त्यामुळे इथे थोडी फी लागू शकते. सूज, अवघड अक्कलदाढ, जबड्याचा मार, हृदयविकार किंवा अनियंत्रित शुगर असलेल्या पेशंटचा दात, यासाठी खासगी खुर्चीपेक्षा ही जागा सुरक्षित. लागलं तर भरती करून घेता येतं.

दंत महाविद्यालय. धुळ्यात साक्री रोडला एसीपीएम दंत महाविद्यालय आहे, नाशिकला पंचवटीत केबीएच, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय. इथे विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतात. काम हळू होतं, पण घाईत होत नाही, आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. सकाळी लवकर जा. आधी निदान विभागात केसपेपर, मग एक्स-रे, मग रूट कॅनॉलचा विभाग वेगळा, कॅप-कवळीचा वेगळा. पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारा: एकूण किती खेपा होतील, लॅबचे पैसे निराळे लागतात का, आणि परीक्षा किंवा सुट्टी मध्ये येते का. माझ्या माहितीतल्या एका बाईंची कॅप परीक्षेमुळे लांबली. त्यांनी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलंही नाही.

खेपांचा हिशेब घरी करा. पाच खेपा असतील तर पाच वेळा भाडं आणि पाच दिवसांची मजुरी. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढे मोफत. अमळनेर-पारोळ्याच्या आजीबाईला धुळं त्यामुळे परवडतं. अक्कलकुव्याच्या मजुराला कदाचित परवडणार नाही, कारण त्याचा रोज बुडतो. बचत बिलाच्या आकड्यात मोजू नका, खेपा वजा करून मोजा.

मुलांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडी आणि शाळेत येतं. त्यांच्या तपासणीत दातांचे आजार आहेत, फाटलेला ओठ-टाळूही आहे. मुख्याध्यापकांना विचारा, पथक कधी येणार. पुढची चिठ्ठी तिथूनच मिळते.

नोकरीची सोय. भुसावळच्या रेल्वे कुटुंबांनी आधी रेल्वेच्या दवाखान्यात विचारावं, माजी सैनिकांनी त्यांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेत. एमआयडीसीतल्या कामगाराचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल (पगाराची मर्यादा २१,००० रुपये) तर ईएसआयच्या दवाखान्यात दाताची सोय विचारावी. पगारातून पैसे कापले जातात आणि कार्ड कपाटात पडून असतं, असं फार घरांत दिसतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजना. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांसाठी. जबड्याचं फ्रॅक्चर किंवा तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर १५५३८८ वर विचारा. रूट कॅनॉल, कॅप, इम्प्लांट यासाठी खेटे घालू नका.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के सवलतीच्या दरात दुर्बल घटकांसाठी (३ लाख ६० हजारांपर्यंत) राखीव असतात. तोंडाचं मोठं ऑपरेशन असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. भरती झाल्यावर तो काढायला धावपळ होते.

## ७. रोखीचा भाव आधी, हप्त्याचं नाव नंतर

आता पहिल्या दवाखान्यात परत जा (किंवा दुसऱ्या). हप्त्याचा शब्दही काढू नका. दोन प्रश्न विचारा. "रोख दिले तर किती?" आणि "टप्प्याने दिले तर चालतील का?" टप्पा म्हणजे काम होईल तसे पैसे: दात उघडला तेव्हा काही, नळ्या भरल्या तेव्हा काही, कॅप बसली तेव्हा उरलेले. ही जुनी पद्धत आहे आणि तालुक्याच्या गावात अजून बरेच डॉक्टर ती पाळतात. यात व्याज नाही, ओटीपी नाही. आणि काम अर्धवट राहिलं तर तुमचे पैसेही तुमच्याकडेच राहतात.

यादीचे तीन भाग केले असतील तर पहिला भाग आत्ता, दुसरा कापूस विकल्यावर, असं सरळ बोलता येतं. पण कोणतं काम तेवढं थांबू शकतं ते डॉक्टरांनी ठरवायचं, कापसाच्या भावाने नाही.

सावधान: "आज बुक केलं तर तीस टक्के सूट" हे ऐकलं की उठा. दात उद्याही तिथेच असतो.

## ८. कर्ज घ्यावंच लागलं तर

'शून्य टक्के व्याज' कसं चालतं ते एकदा बघा. समजा अंदाजपत्रक ६०,०००. रोख दिले तर ५४,०००. काउंटरवर सांगतात, ५,००० चे १२ हप्ते, व्याज शून्य, फक्त दोन टक्के प्रोसेसिंग फी. फी १,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,४१६. तुमच्या खिशातून जातात ६१,४१६. रोखीपेक्षा ७,४१६ जास्त. आणि ५४,००० वर्षभर पूर्ण वापरायला मिळत नाहीत, दर महिन्याला कमी होत जातात. त्यामुळे खरा दर पडतो वर्षाला जवळपास २५ टक्के. रोखीची सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. तेच त्याचं व्याज.

'फ्लॅट १२ टक्के' ही दुसरी गंमत. ६०,००० वर वर्षाचे ७,२०० व्याज, हप्ता ५,६००. मुद्दल उतरत गेलं तरी व्याज पूर्ण ६०,००० वरच. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. आणि गावातला सावकार 'शेकडा तीन' म्हणतो तो महिन्याचा दर, वर्षाचे छत्तीस. परवानाधारक सावकारालाही इतकं व्याज घेता येत नाही.

मी हा क्रम लावेन: नोकरदाराने आधी आपली पतपेढी किंवा पगाराच्या खात्याची बँक. शेतकरी घराने बँकेचं सोनेतारण, त्यातही व्याज-मुद्दल शेवटी एकदम भरायची सोय असलेलं, म्हणजे कापसाचे पैसे आल्यावर सोडवता येतं. सोन्यासाठी आख्ख्या देशात नाव असलेल्या जळगावात सोनं गहाण ठेवायची मात्र लाज वाटते, आणि पंचवीस टक्क्यांचं कर्ज काढायची वाटत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. दवाखान्याच्या काउंटरवरचं कर्ज त्यानंतर. पीककर्जाच्या पैशाला हात लावू नका, ते थकलं की वेळेवर फेडीची व्याजसवलत जाते.

काउंटरवरचं कर्ज घ्यायचंच ठरलं तर ओटीपी देण्याआधी हे करा:

१. पैसे देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती, तिचं नाव विचारा. दवाखाना कर्ज देत नसतो, तो फक्त जोडून देतो.
२. 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते सक्तीचं आहे, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. त्यात वार्षिक टक्केवारीचा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. फी धरून आलेला खरा दर तोच. बाकी आकडे नंतर बघा.
३. त्याच कागदावर हप्ता चुकल्याचा दंड आणि मुदतीआधी फेडल्याचा आकार वाचा.
४. कूलिंग ऑफ किती दिवसांचा आहे ते बघा. मोबाईलवरून दिलेल्या डिजिटल कर्जात तो किमान एक दिवसाचा असतो. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी मात्र जाऊ शकते.
५. खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे ते बघा.
६. पूर्ण रक्कम एकदम दवाखान्याला जाणार असेल तर "काम थांबलं किंवा मी सोडलं तर न झालेल्या कामाचे पैसे किती दिवसांत परत" हे दवाखान्याच्या कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर फक्त पहिल्या टप्प्यापुरतंच कर्ज घ्या.

सहावी ओळ मी तेव्हा मागितली असती तर तीन महिन्यांचे हप्ते वाचले असते. कारण कर्ज देणाऱ्याला दाताशी काही देणंघेणं नसतं. दवाखान्याशी भांडण झालं म्हणून हप्ता थांबवला तर दंड लागतो, बँक वेगळे पैसे कापते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडतं. पुढच्या ट्रॅक्टरच्या कर्जाच्या वेळी ते समोर येतं.

सावधान: ओटीपी स्वतः टाका, मोबाईल काउंटरवर देऊ नका. आईवडिलांच्या कामासाठी कर्ज कोणाच्या नावावर जातं आहे, तेही बघा.

## ९. काम चालू असताना

प्रत्येक वेळी पावती, तीवर दाताचा नंबर. फोनपेने दिले तरी पावती. रूट कॅनॉल संपल्यावर शेवटचा एक्स-रे मागा, नळ्या टोकापर्यंत भरल्या आहेत हे त्यात दिसतं. झिरकोनिया कॅपचं लॅबचं वॉरंटी कार्ड घ्या. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते फाईलमध्ये चिकटवून घ्या. दहा वर्षांनी तो स्क्रू सैल झाला तर सुरतेतल्या किंवा पुण्यातल्या डॉक्टरला कोणतं हत्यार लावायचं ते त्यावरून कळतं.

कॅप पक्की चिकटवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी चावून बघा. उंच लागत असेल तर तिथेच सांगा. "सवय होईल" असं ऐकून घरी आलात तर जबडा दुखतो.

## १०. बिघडलं तर

आधी त्याच डॉक्टरांकडे, कागद घेऊन, आवाज न चढवता. बरीच कामं तिथेच मार्गी लागतात. नाही लागली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कर्जाची तक्रार आधी वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, तो जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच फोन येतो.

अर्जासोबत अंदाजपत्रक, पावत्या, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, आणि की फॅक्ट स्टेटमेंट जोडा. मूळ प्रती कुठेच देऊ नका.

आणि सगळं सुरळीत झालं तरी एक काम उरतं. शेवटचा हप्ता गेला की वित्तसंस्थेकडून ना-हरकत पत्र घ्या, बँकेत जाऊन आपोआप कापण्याची परवानगी रद्द करा, आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा मोफत रिपोर्ट काढून कर्ज 'बंद' दिसतंय का बघा. आईचा ब्रिज बसून वर्ष झालं तेव्हा माझ्या रिपोर्टमध्ये ते खातं चालूच होतं.